गोपीनाथ बसला

पडदा वर जातो.

कोपरी, ठाणे पूर्व. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, मागे स्वयंपाकघर. वेळ दुपारी चारची. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला खिडकी, खिडकीला लागून कॉट, आणि कॉटवर उशीला टेकून बसलेली मालन. वय अडुसष्ट. फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल. उजवा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे डाव्या हातानं उचलून ठेवलेला. मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत शास्त्रातल्या वचनाची पाटी, तिच्या कोपऱ्यात कबुतर. उजवीकडे लोखंडी घडीची खुर्ची. खुर्चीवर कोणी नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून मागे जो उंच, वाळका माणूस उभा आहे, तो गोपीनाथ भिंगारदिवे.

हा प्रवेश मी दहा महिन्यांत तीसेक वेळा पाहिला. दर वेळी त्या खुर्चीवर मी बसले. गोपीनाथला बसलेला मी पाहिला नव्हता. त्या दहा महिन्यांतच नव्हे, त्याच्या आधीच्या बत्तीस वर्षांतही नाही.

माझं नाव मंदाकिनी. मी नाटकांत कामं केली, बहुतेक आईची. पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या प्रॉम्प्टरची आहे. ज्यांना हा माणूस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: नाटक चालू असताना विंगेत संहिता घेऊन एक जण असतो. नट वाक्य विसरला की तो हळूच पहिला शब्द पुरवतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, ऐकू येत नाही आणि टाळ्यांच्या वेळी आठवत नाही.

गोपीनाथ मूळचा नेवाशाकडचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होता. आमच्या तालमीची खोली त्याच्या वाटेवर होती. तीन संध्याकाळी तो दारात उभा राहून तालीम बघत होता. चौथ्या संध्याकाळी नायक अडखळला, आणि दारातून शब्द आला. बरोबर होता. आमच्या दिग्दर्शकांनी मागे वळून विचारलं, "तुम्ही कोण?" गोपीनाथ म्हणाला, "मी घरी चाललेलो." तेव्हापासून कारखान्याची पाळी आटोपली की तो आमच्या विंगेत.

बाकीचे प्रॉम्प्टर स्टुलावर बसतात. गोपीनाथ उभा राहायचा. बसलेल्या माणसाला ओठ नीट दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तो नटाच्या तोंडाकडे बघायचा, आणि नट विसरल्यावर नाही, विसरायच्या आधी अर्धा क्षण शब्द द्यायचा. आम्हांला वाटायचं आपल्यालाच आठवलं. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडे आमची नाटकं न अडखळता व्हायची. त्याचा एक परिणाम असा झाला की आमच्या संस्थेत नटांची एक अख्खी पिढी पाठांतर न येणारी निघाली. त्यात मीही आले.

त्याला एकच गोष्ट सोसवत नसे. विराम. म्हणजे नट मुद्दाम थांबतो तो.

आमच्या एका कौटुंबिक नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी आमचा नट प्रभाकर मुलीचं पत्र वाचून मान वर करतो आणि बोलत नाही. आठ सेकंद. दिग्दर्शकांनी संहितेत तांबड्या शाईनं लिहून दिलेलं. डोंबिवलीचा प्रयोग, नाट्यगृह भरलेलं. प्रभाकरनं मान वर केली. तिसऱ्या सेकंदाला विंगेतून पहिला शब्द आला. पाचव्याला दुसरा. सहाव्याला सगळं वाक्य, आणि पाचव्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ते प्रभाकरच्या आधी म्हटलं.

पडदा पडल्यावर प्रभाकर विंगेत शिरला. "अरे गोप्या, मी थांबलेलो! विसरलो नव्हतो!"

"माहीत आहे मला."

"मग?"

"बघवलं नाही," गोपीनाथ म्हणाला.

घरीदारी तो असाच होता. त्याचं लग्न मालनच्या गावच्या चर्चमध्ये झालं, एकोणऐंशी साली. पाळकांनी वधूला विचारलं, हा पुरुष पती म्हणून तुला मान्य आहे का? मालन सगळ्या गावासमोर जरा थांबली. गोपीनाथ शेजारून म्हणाला, "होय." पाळकांनी त्याला समजावून सांगितलं की वधूचं उत्तर वरानं दिलेलं चालत नाही, आणि प्रश्न पहिल्यापासून विचारला. मालन मला ही गोष्ट नेहमी सांगायची आणि शेवटी म्हणायची, "अहो ताई, मी होयच म्हणणार होते. पण जरा थांबायचं होतं मला. तेवढं एकदाच तर थांबायला मिळतं."

त्यांच्या ठाण्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, तो वीस वर्षं पुढून तिसऱ्या बाकाच्या टोकाशी भिंतीला टेकून उभा असायचा. सगळे मिळून प्रार्थना म्हणायचे तेव्हा गोपीनाथचा आवाज अर्धा शब्द पुढे. लोक त्याला गाठायला बघायचे. तो आणखी पुढे जायचा. बाहेरगावचे एक पाळक उपासना चालवायला आले होते, ते मला नंतर म्हणाले, "ही मंडळी भक्तिमान आहे, पण घाईत आहे."

आता मालनबद्दल. मालन महापालिकेच्या बालवाडीत शिकवायची. तिच्याइतकी बोलणारी बाई मी नाटकातसुद्धा पाहिली नाही. एकट्या तिच्यासमोर गोपीनाथला काही काम नसे. तिला शब्द पुरवावा लागत नव्हता, थांबवावा लागायचा. मला वाटतं त्यामुळेच त्याचा संसार सुखाचा झाला. घरी आला की तो सुटीवर असायचा.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये मालनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी नीट सांगितलं: समजतं सगळं, शब्द आत आहेत, तोंडापर्यंत येत नाहीत. सराव केला तर येतील. काही येतील.

गोपीनाथ कामाला लागला.

सकाळी सहाला मालनचे डोळे उघडले की त्याचं सुरू. "उठायचंय? पाणी? कोमट? उशी वर? पंखा एकवर?" मालननं मान हलवायची तेवढी. फोन आला की तो दोन्ही बाजू बोलायचा. "मालन म्हणते बरी आहे. मालन म्हणते तुमचं कसं काय. मालन म्हणते बाळाला सर्दीत केळं देऊ नका." मालन काही म्हणाली नव्हती. पण म्हणाली असती तर हेच म्हणाली असती, हे मला मान्य करावं लागतं. जेवताना पहिल्या घासाला तो मीठ कमी आहे म्हणायचा, तिच्या वतीनं, आणि उठून मीठ आणायचा, स्वतःच्या वतीनं. प्रार्थनासुद्धा दोघांची एकटाच करायचा.

सहा महिन्यांत त्याचं वजन अकरा किलोनं उतरलं. कोपरीच्या बाजारात भाजी घेताना चक्कर येऊन पडला, आणि पडल्या पडल्या भाजीवालीला म्हणाला, "घाबरू नका, असं म्हणतेय मालन." डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. मुलगा संदेश कल्याणला असतो. त्यानं बापाला आठ दिवसांसाठी आपल्या घरी नेलं आणि बायकोला इकडे सासूजवळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोपीनाथ कोपरीत परत.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"तिकडे सगळे आपापलं बोलतात, ताई. मला कामच नाही."

"विश्रांतीसाठीच गेलेलास ना?"

"उभं राहायला जागा नव्हती धड," तो म्हणाला.

मी त्याला भिंतीवरची पाटी दाखवली. ती त्यांना लग्नात मिळालेली. ओझी वाहून दमलेल्यांना प्रभू येशू आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देईन म्हणतो, ते वचन. गोपीनाथ ती पाटी दर शनिवारी पुसायचा. मी ख्रिस्ती नाही, पण इतक्या फेऱ्यांत मलाही ती पाठ झाली होती.

"हे तुलाच सांगितलंय ना?" मी म्हटलं.

त्यानं पाटीकडे असं पाहिलं, जसं आम्ही कोणी चुकीच्या अंकात शिरलो की पाहायचा. "ते प्रेक्षकांना आहे, ताई," तो म्हणाला. "विंगेतल्या माणसाला कोण बोलावतं?"

मालनला बोलायला शिकवायला ऋजुता नावाची मुलगी डोंबिवलीहून आठवड्यातून दोनदा यायची. स्पीच थेरपिस्ट. पंचविशीची, हसरी, खांद्यावर मोठी झोळी. झोळीत चित्रांचे पत्ते. एक पत्ता दाखवायचा आणि विचारायचं, "काकू, हे काय?"

पहिल्या दिवशी तिनं कुलपाचं चित्र धरलं.

"कुलूप," गोपीनाथ म्हणाला.

"काका, तुम्ही नाही. काकू."

"हो हो." दुसरा पत्ता. "छत्री," गोपीनाथ म्हणाला.

तिनं त्याला स्वयंपाकघरात पाठवलं. तिथूनही आवाज आला. मग अट पडली की काकांनी तोंडातून आवाज काढायचा नाही. गोपीनाथनं ती पाळली. तो ऋजुताच्या मागे, खुर्चीची पाठ धरून, गप्प उभा राहू लागला. आणि मालन बोलू लागली! कुलूप, छत्री, चमचा, चप्पल. वीसपैकी अठरा. सलग तीन महिने अठरा. ऋजुतानं आपल्या मॅडमना अहवाल पाठवला. मी वर्तकनगरातल्या माझ्या शेजारणींना पेढे दिले. एवढंच खटकायचं की पत्ते संपल्यावर मालन पुन्हा मुकी. तहान लागली तरी "पाणी" म्हणायची नाही, आणि पत्त्यांत ते अचूक म्हणायची.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गोपीनाथ बँकेत गेला होता. त्या दिवशी मालनला वीसपैकी दोन आले. ऋजुताला वाटलं दुसरा झटका. तिनं डॉक्टरांना फोन लावला. पुढच्या खेपेला गोपीनाथ घरी, अठरा. मी त्या दिवशी तिथेच होते, खुर्चीवर. माझ्या डोक्यामागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ऋजुता मात्र पत्ता हातात धरून एकदम मागे वळली.

गोपीनाथचं तोंड "क"वर उघडलेलं होतं. आवाज काडीचा नाही.

"काका! तुम्ही लिप-सिंक करताय?"

"नाही गं बेटा. फक्त पहिलं अक्षर."

"तीन महिने?"

ऋजुतानं पत्ते झोळीत भरले, परत बाहेर काढले, आणि ती कॉटच्या कडेला बसली. "काका, मी रागावत नाहीये. पहिलं अक्षर देणं आमच्यातही असतं. पण आधी थांबायचं असतं. काकू शब्द शोधतच नाहीयेत. त्या तुमचं तोंड वाचतायत. आणि पहिलं वर्ष, दीड वर्ष, याच काळात जास्त रिकव्हरी होते. नंतर सगळं फार स्लो होतं. आपले आठ महिने गेलेत."

"म्हणजे मी..." गोपीनाथ म्हणाला.

ते वाक्य पुरं झालं नाही. त्याला कोणी प्रॉम्प्टर नव्हता. मालन खिडकीबाहेर बघत होती. तिला सगळं समजत होतं, हे मी आधी सांगितलंच आहे.

ऋजुतानं नियम घालून दिला. काकूंना काही हवंसं वाटलं तर मनात तीसपर्यंत मोजायचं, मग बोलायचं. गोपीनाथ दोनपर्यंत पोचायचा. त्यानं तोंडात लवंग धरून पाहिली. मग शिकवणी चालू असताना तोंडात पाण्याचा घोट धरून उभा राहू लागला. तिसऱ्या पत्त्याला तो घोट गिळायचा आणि "चप्पल" म्हणायचा. शेवटी ऋजुतानं फर्मान काढलं: शिकवणीच्या तासाला काकांनी घरात थांबायचं नाही.

त्या वेळी तो पाळकसाहेबांकडेही गेला. पाळकसाहेब तरुण, गुडघ्यानं अधू, कमी बोलणारे. हा संवाद गोपीनाथनंच मला करून दाखवला, दोन्ही आवाजांत.

"मी रोज प्रार्थना करतो, साहेब. यादी केलीय. सोमवारी 'पाणी' दे, मंगळवारी 'भाकर' दे, बुधवारी 'संदेश' दे. सोपे शब्द आधी, जोडाक्षरं मागून."

"मग?"

"देत नाही."

"काका, तुम्ही प्रार्थना करता की देवाला प्रॉम्प्ट करता?"

गोपीनाथनं प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही," तो म्हणाला.

"आणि तो बोलणार कधी?"

गोपीनाथ घरी आला आणि त्यानं यादीत जोडाक्षरं पुढे घेतली.

आता मुख्य प्रसंग. तो मी पाहिलेला नाही. जानेवारीतल्या एका गुरुवारी ऋजुतानं त्याला घराबाहेर काढलं, आणि दुसरं कुठे जायचं न सुचून तो चर्चमध्ये गेला. आत काळुराम झाडत होता. काळुराम तिथला जुना झाडूवाला, कोणाचीही भीड न ठेवणारा. गोपीनाथ नेहमीच्या जागी भिंतीला टेकून उभा राहिला.

"बसा की भिंगारदिवे," काळुराम म्हणाला. "बाकं कशाला ठेवलीत?"

"मला इथनं बरं दिसतं."

"दिसायला आहे काय? कोण आहे इथं?"

गोपीनाथनं पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. रिकामी बाकं. बघायला एक तोंड नाही. काळुरामनं त्याच्या पायांवरूनच झाडू फिरवला, तेव्हा पाय उचलायचे म्हणून तो तिसऱ्या बाकावर बसला.

"मग प्रार्थना सुरू केली," त्यानं मला सांगितलं. "यादी घेतली. पाणी, भाकर, संदेश. आणि ताई, मी ब्लँक झालो."

"तू?"

"मी. पुढचा शब्दच येईना. थांबलो जरा. कुणी देईल म्हणून. कोणी दिला नाही."

"मग?"

"मग म्हटलं, राहू दे. ती तुझी आहे, मी पण तुझाच. माझ्यानं होत नाही आता. तू बोल."

"देवाला असं म्हणालास?"

"हो. तोंडातून निघून गेलं. तालीम नव्हती केली."

नाटकात हा क्षण असता तर मी मागून ऑर्गनचा एक सूर घेतला असता. "आणि तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"माहीत नाही. मला झोप लागली."

तो दोन तास झोपला. बाकावर आडवा, चपला पायात, वचनं, याद्या आणि शब्द सगळे जमिनीवर टाकून. काळुराम त्याला वळसा घालून झाडत राहिला. सहाला कुलूप लावायचं म्हणून त्यानं झाडूच्या दांड्यानं हलवून उठवलं. म्हणाला, "घोरता लई."

इकडे घरी पाचला शिकवणी संपली, ऋजुता गेली, आणि शेजारची सान्वीची आई मालनजवळ येऊन बसली. गोपीनाथचा पत्ता नाही. सव्वापाच, साडेपाच. कल्याणचा तो एक दिवस सोडला, तर झटका आल्यापासून मालनच्या समोर इतका वेळ त्याचं तोंड नव्हतं, असं कधी झालं नव्हतं. मालन दाराकडे बघत राहिली. सान्वीची आई भाजी निवडत होती. तिला मालनच्या मनात काय चाललंय याची कल्पना नव्हती, म्हणून तिनं काही सुचवलं नाही. सहा वाजता, कॉटवरून, घोगऱ्या आवाजात शब्द आले. "गोपीनाथ... कुठे?"

गोपीनाथ साडेसहाला धावतपळत जिना चढून आला तेव्हा ती बाई दारातच होती. "अहो काका! काकू बोलल्या! तुम्हांला विचारत होत्या!"

"काय म्हणाली?"

"गोपीनाथ कुठे."

"नावानं?"

"नावानं!"

लग्नाला पंचेचाळीस वर्षं होत आली होती. मालननं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "अहो" नाहीतर "संदेशचे पप्पा." त्यामुळे ते नाव त्याच्या यादीत कुठल्याच वारी नव्हतं. दहा महिने वाट बघितलेला शब्द आला, आणि तो ऐकायला तो नव्हता. तो आत गेला. मालन त्याच्याकडे बघून अर्ध्या तोंडानं हसली. आणि तो बसला. लोखंडी खुर्ची पुढे ओढून, तिच्यावर.

पुढच्या खेपेला मी गेले तर खुर्चीवर गोपीनाथ. मला बसायला जागा नव्हती. मी कॉटच्या पायथ्याशी टेकले.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. मालनचे शब्द एकेक करून यायचे, मधे दहा दहा दिवस यायचे नाहीत. गोपीनाथचं तोंड उघडायचं. तो ते हातानं मिटायचा. एकदा मी म्हटलं, "तू तर देवावर सोपवलंयस ना?" तो म्हणाला, "रोज सकाळी सोपवतो, ताई. अकरापर्यंत परत माझ्याच हातात असतं. मग परत देतो." एवढं म्हणून तो पाटीखाली खुर्ची टेकवून डोळे मिटायचा. त्याचं वजन चार किलोनं वाढलं.

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरात त्यांच्या मंडळीची उपकारस्तुतीची उपासना होती. वर्षभरात प्रभूनं जे केलं त्याबद्दल कोणी उठून पुढे येतो आणि चार शब्द सांगतो. त्याला ते साक्ष देणं म्हणतात. मला आमंत्रण होतं. मी शेवटच्या बाकावर.

दोघातिघांच्या साक्षी झाल्या. पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कोणी? तिसऱ्या बाकावरून एक डावा हात वर झाला. मालनचा.

गोपीनाथनं तिच्याकडे पाहिलं. हे ठरलेलं नव्हतं, मला पाठमोऱ्या खांद्यांवरून कळलं. त्यानं तिला धरून पुढे नेलं. पाळकसाहेबांनी खुर्ची दिली, तिनं मानेनं नको म्हटलं आणि डाव्या हातानं कठडा धरला. आता गोपीनाथ तिच्या शेजारी उभा राहणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. नव्वद माणसं होती. तो वळला, परत तिसऱ्या बाकाशी आला, बसला, आणि त्यानं मान खाली घातली. हनुवटी छातीला. तिला त्याचे ओठ दिसू नयेत म्हणून.

मालन म्हणाली, "प्रभूनं."

मग काही नाही.

नटीला सेकंद आपोआप मोजता येतात. दहा झाले. वीस. एक मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. तीस. ज्या मंडळीला गोपीनाथनं वीस वर्षं घाईची सवय लावली होती, ती मंडळी हलू लागली. दुसऱ्या बाकावरून एक म्हातारी कुजबुजली, "बरं केलं." डावीकडून कोणी म्हणालं, "वाचवलं." मग चहूकडून शब्द. "राखलं." "आशीर्वाद दिला." "उचललं." नव्वद प्रॉम्प्टर.

गोपीनाथनं मान वर केली नाही. नुसता हात वर केला, तळवा मंडळीकडे. शब्द थांबले. तो हात तसाच वर राहिला. पंचेचाळीस. पन्नास. मी रंगभूमीवर एवढा मोठा विराम कधी पाहिला नाही, आणि पाहिला असता तर त्या नटाला मी वेडा म्हटलं असतं.

"यांना," मालन म्हणाली.

आणखी पंधरा.

"बसवलं."

आणि तिनं कठडा सोडून, हात नवऱ्याकडे करून दाखवला, म्हणजे कोणाला शंका नको. साक्ष संपली होती. पाळकसाहेब आमेन म्हणाले. मंडळी आमेन म्हणाली, या वेळी सगळे एकदम. कोणी हसलं, कोणी नाक पुसलं. काळुराम दारात उभा होता, तो म्हणाला, "माझ्यासमोरच."

जेवायला मला त्यांनी कोपरीला नेलं. जेवताना मी गोपीनाथला विचारलं, "तुला माहीत होतं ती काय म्हणणार ते?"

"नाही ताई. मी वेगळंच धरलेलं. 'प्रभूनं मला बोलतं केलं.' माझं वाक्य चुकीचं होतं."

चार वाजले. खिडकी, कॉट, कॉटवर मालन. पाटी, पाटीखाली लोखंडी खुर्ची, खुर्चीवर गोपीनाथ, पाय लांब केलेले, डोळे मिटलेले. मी निघाले होते. खाली रिक्षा थांबवून ठेवलेली, वर्तकनगरला जायला. मी मालनजवळ वाकले तेव्हा तिनं माझा पदर डाव्या हातात धरला.

"ताई," ती म्हणाली. आणि थांबली.

"येते गं मी," मी म्हटलं. तिनं मान हलवली. ते नव्हे. "परत ये म्हणतेस? येईन की." ते नव्हे. "जपून जा? जेवण बरं झालं? प्रभाकरला निरोप?" खालून हॉर्न वाजला. मी गोपीनाथकडे पाहिलं. तेहतीस वर्षं मी अडले की त्याच्याकडेच पाहत आले आहे. "अरे, सांग ना काय म्हणतेय ती. रिक्षावाला ओरडतोय."

त्यानं डोळे उघडले नाहीत. म्हणाला, "बसा, ताई. येईल."